हिरडीतलं रक्त आणि न उतरणारी शुगर

सुमनमावशी (नाव बदललं आहे) पहिल्यांदा आल्या त्या सुनेबरोबर. वय ५४, मधुमेह नऊ वर्षांचा. सुनेनं फाइल टेबलावर ठेवली आणि मावशींच्या आधी तीच बोलली, "मॅडम, आता तुम्हीच विचारा यांना. गोळ्या मी स्वतः हातात देते. साखर बंद, भात बंद. तरी शुगर उतरत नाही म्हणजे कुठेतरी चोरून खातातच ना?" मावशी तोंडाला पदर लावून खाली बघत होत्या.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिशियन डॉक्टरांच्या दवाखान्यात मी मधुमेहाची समुपदेशक म्हणून काम करते. चोरून खाण्याचा आरोप माझ्या टेबलावर आठवड्यातून दोनदा तरी होतो. मावशींचं एचबीएवनसी, म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी, ९.१ होतं. मी नेहमीचे प्रश्न विचारले. चहा किती वेळा, चालणं किती, झोप लागते का, तळपायाला मुंग्या येतात का. पायापर्यंत गेले, पण तोंडाशी थांबले नाही. पदर लाजेनं धरला असेल, असं समजून चालले. ही माझी चूक होती आणि तिच्यापायी मावशींचे तीन महिने गेले.

तीन महिन्यांनी आकडा ९.०. या वेळी मावशी एकट्या आल्या होत्या. म्हटलं, काल सकाळपासून काय काय खाल्लं ते सगळं सांगा, मी कुणाला सांगणार नाही.

"सकाळी चहात बुडवून चार बटर. दुपारी मऊ भात नि आमटी. रात्री दुधात भाकरी कुस्करून."

"भात बंद केला होता ना?"

"सून दुपारची अंगणवाडीत असती. भाकरी चावत न्हाई मॅडम. डावीकडं चावलं की कळ जाती. काकडी, पेरू, शेंगदाणं, सगळं सुटलं. वरीस झालं."

"आणि हा पदर?"

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वास येतो तोंडाला. नातू मांडीवर बसत न्हाई."

म्हणजे सुनेचं म्हणणं अर्धं खरं होतं. त्या चोरून खात होत्या, पण जिभेच्या चोचल्यासाठी नाही. चावता येत नव्हतं म्हणून जे गिळता येईल ते खात होत्या. आणि जे गिळायला सोपं, तेच बहुतेक वेळा शुगर झपाट्यानं वाढवणारं असतं.

दात घासताना रक्त येतं का, असं विचारल्यावर त्या सहज म्हणाल्या, "मिश्री लावताना येतं थोडं. ते समद्यांनाच येतं की." भारतात टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीला कोण अडवणार? आमच्या भागात ती सकाळच्या चहाइतकी घरातली आहे, आणि बायका तिला तंबाखू समजतच नाहीत.

मी त्यांना एवढंच विचारलं, "मावशी, हातावर जखम असती, तिच्यातून वर्षभर रोज रक्त आलं असतं, तर तुम्ही गप्प बसला असता?"

त्यावर त्यांनी मनातली खरी भीती सांगितली. ती इथे मुद्दाम लिहिते, कारण ती अनेकांच्या मनात असते. "शुगर असताना दाताला हात लावायचा नसतो म्हणत्यात. शेजारणीची दाढ काढली, महिनाभर भरली न्हाई. आणि दात साफ केलं की हलाया लागत्यात."

यातल्या दुसऱ्या समजुतीचं आधी बोलू. दात सफाईमुळे हलत नाहीत. हिरडीच्या कडेला जंतूंचा थर साचतो आणि त्याचं कीटण होऊन ते दगडासारखं घट्ट बसतं. त्यानं हिरडी सुजते, दातापासून सुटते, मध्ये कप्पा तयार होतो आणि आतलं हाड हळूहळू झिजतं. लोक याला पायरिया म्हणतात. हाड गेलेलं असूनही कीटणाच्या लिंपणामुळे दात जागेवर बसल्यासारखा वाटतो. ते लिंपण काढलं की तो आधीपासूनच किती सैल होता ते कळतं. काही दिवस ठणकतं, गार-गरम लागतं आणि दोष सफाईवर जातो.

पहिली भीती अगदीच खोटी नाही. शुगर खूप वर असेल तर जखम उशिरा भरते हे खरं. फारच वर असेल तर फिजिशियन आणि डेंटिस्ट एकमेकांशी बोलून दात काढणं थोडं पुढे ढकलतात. पण आपल्याकडे याचा अर्थ 'शुगर उतरेपर्यंत तोंडाकडे बघायचंच नाही' असा केला जातो आणि तिथेच माणूस अडकतो. कारण शुगर न उतरण्याचं एक कारण त्या तोंडातच बसलेलं असू शकतं.

मावशींना मी हे चक्रासारखं बोट फिरवून दाखवलं. शुगर वाढली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत, तोंड कोरडं पडतं, हिरडीची सूज बळावते. आणि हिरडी सतत सुजलेली राहिली की त्या सुजेची रसायनं रक्तात उतरतात आणि इन्सुलिनचं काम अडवतात. म्हणून गोळी तीच असली तरी तिचा जोर कमी पडतो. १९९३ साली हाराल्ड लो या दंततज्ज्ञांनी हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, मूत्रपिंडं, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या पाचांच्या रांगेत. आपण डोळे तपासतो, पाय तपासतो. तोंड मात्र अजूनही दुसऱ्या कुणाचं तरी काम वाटतं. मलाही वाटत होतं.

मग हिरड्या साफ केल्या की शुगर किती उतरते? लोकांना इथे मोठा आकडा हवा असतो, तो मी देत नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासून २०२२ मध्ये निघालेला निष्कर्ष असा, की खोल सफाईनंतर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ च्या आसपास कमी होतं. लंडनमध्ये २६४ जणांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभर कसून उपचार केलेल्या गटाचा आकडा दुसऱ्या गटापेक्षा ०.६ नं कमी आला. उलट २०१३ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात काहीच फरक दिसला नव्हता. तेव्हा सफाई गोळीच्या जागी येत नाही. पण एखादी जादा गोळी जेवढं काम करते, त्याच्या जवळपास जाणारा फायदा जर तोंड निरोगी करून मिळत असेल, तर तो सोडायचा कशाला?

मावशींना जिल्हा रुग्णालयाच्या दंत विभागात पाठवलं. सोबत एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं लिहून दिली. सकाळची वेळ घ्यायची, जेवून आणि नेहमीची गोळी घेऊनच जायचं, पर्समध्ये साखरेची पुडी ठेवायची, घाम सुटला किंवा हात थरथरले तर लगेच सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही. दाताच्या नावाखाली लोक उपाशीपोटी जातात आणि खुर्चीतच शुगर घसरते, असं मी पाहिलं आहे.

डेंटिस्टनी बारीक खुणांची सळई घालून कप्पे मोजले. निरोगी हिरडीत ते तीन मिलिमीटरपर्यंत असतात. मावशींचे काही ठिकाणी सहा आणि सात होते. हिरड्या बधिर करून चार बैठकांमध्ये मुळांपर्यंत सफाई झाली. डावीकडच्या दोन दाढा वाचण्यासारख्या नव्हत्या, त्या काढाव्या लागल्या. जखम दहा-बारा दिवसांत भरली. त्या दिवसांत मावशींनी मला तीनदा फोन केला.

मिश्री हा सगळ्यात अवघड भाग होता. त्यावर मी रागावले नाही, कारण रागावल्यानं मिश्री सुटत नाही, नुसती लपते. दिवसातून चार वेळा होती ती दोनदा केली, मग सकाळची एकच राहिली. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत नंबर सुनेनं लावून दिला. होय, सुनेनं. तिला मी वेगळं बोलावून सगळं सांगितलं होतं. ती ऐकून रडली नाही की माफी मागितली नाही. फक्त म्हणाली, "वर्षभर मी भाकरी वाढतच होते, त्या का खात नाहीत हे एकदाही विचारलं नाही." दुसऱ्या दिवसापासून पालेभाजी बारीक चिरून, डाळ घालून मऊ शिजवायला लागली, म्हणजे भाताशिवायही पोट भरेल.

चार महिन्यांनी एचबीएवनसी ८.३ आलं. गोळ्यांचा डोस बदललेला नव्हता. यातलं किती हिरड्यांमुळे आणि किती भात-बटर सुटल्यामुळे, ते मी वेगळं काढू शकत नाही, आणि काढलं तरी ते खरं नसेल. आकडा अजून उतरायला हवाच आहे. ब्रश करताना रक्त येणं जवळपास थांबलंय. दर तीन महिन्यांनी हिरड्या दाखवायच्या, हे मात्र आता कायमचं.

त्या दिवशी त्यांना घ्यायला मुलगा आला होता. तिशीतला, ट्रॅक्टर चालवणारा. त्यानं कुठेतरी वाचलं होतं, "हिरड्यांमुळं हार्ट अटॅक येतो म्हणे?" मी सांगितलं, हिरड्यांचा आजार असलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त आढळतो हे खरं. पण हिरडीच त्याचं कारण आहे, किंवा दात साफ केल्यानं अटॅक टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. तंबाखू, मधुमेह, वय या गोष्टी दोन्हीकडे असतात. घाबरायचं नाही, पण अंगावर काढायचंही नाही.

"मला काय न्हाई तसं," तो म्हणाला. "माझ्या हिरडीतनं कधी थेंबभर रक्त आलं न्हाई." बोलताना गालात तंबाखूचा बार होता.

तंबाखू आणि सिगरेटमुळे हिरडीतून येणारं रक्त कमी होऊ शकतं. आत हाड झिजत असलं तरी वरून हिरडी धडधाकट दिसते. म्हणजे रक्त न येणं ही त्याच्यासाठी खूण नव्हतीच, हे मी त्याला समजावत होते. तेवढ्यात मावशींनी पदर खांद्यावर सारखा केला, माझ्या टेबलावरचा कोरा कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "ह्याचीबी चिठ्ठी लिवा. सोमवारी माझ्यासंगच नेती त्याला."