कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे, मग ड्युटी बदलताना माहिती गळते कुठे?

प्रश्न : आईला आयसीयूतून वॉर्डात हलवलं, संध्याकाळी, नेमकी ड्युटी बदलायच्या वेळेला. रक्त पातळ करायचं इंजेक्शन आयसीयूत निघायच्या आधीच दिलं होतं, तरी तासाभराने वॉर्डातल्या सिस्टर तेच भरून घेऊन आल्या. बहीण तिथे होती, ती म्हणाली अहो मघाशीच दिलंय, म्हणून थांबलं. सिस्टर म्हणाल्या सिस्टीमवर पेंडिंग दिसतंय. एवढं मोठं सॉफ्टवेअर असून असं कसं होतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी बहिणीला शाबासकी द्या, खरंच. एनॉक्सापरिनसारखी इंजेक्शनं उपचाराच्या डोसमध्ये बहुतेक वेळा 12 तासांनी देतात, दुसरा डोस तासाभरात गेला असता तर रक्तस्रावाची भीती होती.

आता असं होतं कसं. औषध देणं आणि त्याची एन्ट्री करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पेशंट हलवायच्या धावपळीत, म्हणजे ट्रॉली आली, ऑक्सिजन लावायचाय, लिफ्ट अडकलीय, त्यात दुसरं काम मागे राहतं. मग स्क्रीनवर जे 'पेंडिंग' दिसतं त्याचा अर्थ औषध दिलं नाही असाही असतो आणि दिलं पण टिक करायची राहिली असाही असतो, आणि हा फरक स्क्रीनला कळत नाही, तो फक्त ज्यांनी इंजेक्शन दिलं त्या सिस्टरना माहीत असतो. त्यांनी वॉर्डातल्या सिस्टरना तोंडाने सांगायला हवं होतं, "सहाचा डोस दिलाय, पुढचा सकाळी सहाला", बास. आणि वॉर्डातल्या सिस्टरनाही शंका आली असती तर आयसीयूत एक फोन पुरला असता.

शिफ्टिंगमध्ये अजून एक ठिकाण नाजूक असतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आयसीयूत इन्सुलिन सलाईनसारखं चालू असेल तर ते बंद करायच्या साधारण एक-दोन तास आधी दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन त्वचेखाली द्यावं लागतं, नाहीतर मधल्या वेळात शुगर परत वर जाते. आता ते आयसीयूने द्यायचं की वॉर्डाने, हे कुणी ठरवलंच नाही तर दोघंही समजतात की दुसऱ्याने दिलं. तसंच एकच औषध एका ठिकाणी कंपनीच्या नावाने आणि दुसऱ्या ठिकाणी मूळ नावाने लिहिलेलं असलं की दोन वेगळी औषधं वाटतात आणि दोन्ही दिली जाऊ शकतात.

पुढच्या वेळी पेशंट हलवताना दोन्हीकडच्या सिस्टर बेडपाशी असतानाच विचारा, शेवटचं कुठलं औषध किती वाजता दिलं, पुढचं कधी, रात्री कशाकडे लक्ष ठेवायचं आणि काही झालं तर कुठल्या डॉक्टरना बोलवायचं. विचारल्याने कुणाला राग आला तर येऊ दे.

प्रश्न : मी स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे सगळं कॉम्प्युटरवर आल्यापासून बेडजवळ ओव्हर देणं, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरना पेशंटची माहिती सांगणं, जवळजवळ बंद झालंय, स्क्रीन वाचून घ्या म्हणतात, वेळ नाही म्हणतात. मला ते पटत नाही पण वरिष्ठांना काय सांगू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सिस्टर, तुमचं बरोबर आहे आणि हे ठामपणे सांगा.

2014 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत डॅलसला लायबेरियाहून आलेला एक पेशंट ताप घेऊन इमर्जन्सीत आला, आफ्रिकेतून आलोय हे त्याने नर्सला सांगितलं, नर्सने ते कॉम्प्युटरमध्ये लिहिलंही, तरी त्याला अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं. तो इबोला होता, तेव्हा पश्चिम आफ्रिकेत पसरलेला जीवघेणा संसर्ग. तो पेशंट 8 ऑक्टोबरला गेला आणि त्याची सेवा करणाऱ्या दोन नर्सना लागण झाली. हॉस्पिटल आधी म्हणालं की सॉफ्टवेअरमध्ये नर्सचं लिहिलेलं डॉक्टरांना दिसत नव्हतं, मग लगेच म्हणालं की दिसत होतं. म्हणजे माहिती रेकॉर्डमध्ये असूनही उपयोग झाला नाही, हे मला जास्त काळजीचं वाटतं.

आणि वेळेचं म्हणाल तर त्यालाही उत्तर आहे. त्याच वर्षी 'आय-पास' नावाच्या पद्धतीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, अमेरिका-कॅनडातली 9 हॉस्पिटलं, मुलांचे वॉर्ड, 10,740 अ‍ॅडमिशन्स. शिकाऊ डॉक्टरांनी ड्युटी बदलताना ठरलेल्या क्रमाने सांगायचं, पेशंट किती सिरीयस आहे, थोडक्यात हकीकत, काय काय करायचं बाकी आहे, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते आपल्या शब्दात परत म्हणून दाखवायचं. चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्यासारखी इजा 30 टक्क्यांनी. आणि वेळ? आधीही एका पेशंटमागे अडीच मिनिटांच्या आसपास लागायचा, नंतरही तेवढाच. हा आकडा वरिष्ठांना दाखवाच.

कॉम्प्युटर नको असं माझं अजिबात म्हणणं नाही, अ‍ॅलर्जी, रिपोर्ट, जुने डोस हे सगळं त्यात बघूनच ओव्हर घ्या. पण कालची नोट आज कॉपी-पेस्ट केलेली असते, कॅथेटर काढून दोन दिवस झाले तरी नोटमध्ये तो असतोच, आणि हे बेडजवळ उभं राहिल्यावर लगेच दिसतं. सगळ्यांचं जमत नसेल तर निदान सिरीयस, नवीन आणि त्या दिवशी ऑपरेशन झालेल्या पेशंटपासून सुरू करा.

प्रश्न : वडिलांना दुसऱ्या हॉस्पिटलला न्यायचंय, आभा कार्ड काढलंय, आता फाईल नेली नाही तरी चालेल ना?
– एक वाचक, लातूर

उत्तर : नाही, न्याच. आभा म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य खातं, त्याचा 14 आकडी नंबर ही फक्त तुमची ओळख आहे, रेकॉर्ड दिसायला दोन्ही हॉस्पिटलं त्या यंत्रणेला जोडलेली हवीत, पहिल्याने कागद त्यात चढवलेले हवेत आणि तुमची संमती लागते. सध्या चालू असलेली औषधं, शेवटचा डोस किती वाजता, हे ट्रान्सफर समरीत लिहून घ्या. पूर्ण फाईलची कॉपी हवी असेल तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे ती 72 तासांत द्यायची असते. अ‍ॅम्ब्युलन्स निघायच्या आधी तिकडच्या डॉक्टरांशी इकडच्या डॉक्टरांनी फोनवर बोलावं असा आग्रह धरा आणि त्या फोनच्या वेळी तुम्ही तिथे थांबा.