पाहुणे आले, गाद्या कमी पडल्या

यात्रा आणि लग्नसराई जवळ आली की टपालात हवेच्या गादीचे प्रश्न वाढतात. त्यातले काही निवडून घेतले आहेत.

प्रश्न : गावच्या महालक्ष्मी यात्रेला पुण्या-मुंबईचे सगळे पै-पाहुणे येणार आहेत. घरात दोन दिवाण, बाकीचं अंथरूण खालीच. सासूबाईंच्या बहिणीला गुडघ्यांमुळे खाली बसता-उठता येत नाही. त्यांच्यासाठी उंच हवेची गादी घेऊ का? (एक गृहिणी, बेळगाव तालुका)

उत्तर : ताई, मावशींना दिवाण द्या आणि हवेच्या गादीवर तरुण मंडळी झोपू देत. साधारण 42 ते 46 सेंटिमीटर उंचीची गादी दुकानात मांडलेली बघितली तर थेट खाटेसारखी वाटते. पण खाटेची कड टणक असते, हिची खचते. गुडघे दुखणारा माणूस उठताना आधी हाताने कड दाबतो. इथे हात आत जातो आणि माणूस कलंडतो. अंधारात बाथरूमला उठताना तर जास्तच. घ्यायचीच असेल तर आत दोऱ्यांची किंवा उभ्या पडद्यांची घट्ट बांधणी असलेली घ्या आणि दुकानातच तिच्या कडेवर बसून बघा. विक्रेता बसू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

आणखी एक. दुहेरी गादी एक घेण्यापेक्षा एकेरी दोन घ्या. बहुतेक दुहेरी गाद्यांत हवेचा कप्पा एकच असतो, त्यामुळे जाड माणसाच्या बाजूला गादी दबते आणि बारीक माणूस रात्रभर त्याच्याकडे घसरत राहतो. नवरा-बायको सोसतील, दोन साडूंना कशाला शिक्षा? अनेक दुहेरी गाद्यांच्या पेटीवर 272 किलो असा विचित्र आकडा असतो. तो 600 पौंडांचा हिशेब. गादी तेवढं वजन पेलते एवढाच त्याचा अर्थ, झोप चांगली लागते असा नव्हे. शिवाय 152 बाय 203 सेंटिमीटरची गादी दहा बाय दहा फुटांच्या खोलीत अंथरली की साधारण एक तृतीयांश जागा तिचीच.

प्रश्न : नवीन गादी आणली. रात्री टणक भरतो, पहाटे कंबर जमिनीला टेकते. दुकानदार म्हणतो, माल चांगला आहे. फसवतोय का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : कदाचित नाही. इतक्या लवकर भांडायला जाऊ नका.

दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. पहिली, या गाद्या पीव्हीसीच्या असतात आणि नवं पीव्हीसी ताणतं. पहिल्या काही वेळा भरल्यावर ते सैलावतं, आतली जागा वाढते, हवा मात्र तेवढीच राहते. म्हणून पाहुणे यायच्या आधीच गादी दोन-तीनदा भरून, रात्रभर तशीच ठेवून, पुन्हा भरून घ्यावी. दुसरी गोष्ट थंडीची. संध्याकाळी 25 अंशांना भरलेली हवा पहाटे 15 अंशांवर आली की तिचं आकारमान साधारण तीन टक्क्यांनी घटतं. तीन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण गादीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा मुळात तीन-चार टक्केच जास्त असतो. तोच जवळजवळ निघून गेल्यावर कंबर टेकणारच. उपाय सोपा : झोपायच्या अगदी आधी, खोली गार झाल्यावर, थोडी हवा वर भरा. तोंडाने फुंकू नका. उच्छ्वासाची हवा गरम आणि दमट असते, ती गार झाली की आकसते, आणि आत ओल राहते ती वेगळीच.

आता खरी गळती ओळखायची असेल तर गादी भरून, कुणालाही झोपू न देता, बंद खोलीत दिवसभर ठेवा. तरीही बसली तर आधी तोंडाच्या बुचावर संशय घ्या. कचरा किंवा केस अडकला तरी हवा जाते. साबणाचं पाणी स्पंजने बुचाला, मग जोडांना, मग उरलेल्या अंगाला लावा. बुडबुडा दिसला की लगेच पेनाने गोल करा, नाहीतर वाळल्यावर जागा सापडत नाही. वरची बाजू मखमलीसारखी असते, तिथे भोक असेल तर आधी ती लव खरवडून काढावी लागते, त्याशिवाय ठिगळ बसत नाही. आणि सायकलच्या दुकानातलं पंक्चरचं सोल्यूशन लावू नका. ते रबरासाठी असतं, पीव्हीसीवर दोन दिवसांत सुटतं. गादीबरोबर आलेलं ठिगळ किंवा पीव्हीसीचाच गम वापरा, हवा पूर्ण काढून लावा आणि रात्रभर वर वजन ठेवा. गळती जोडावरच असेल तर ठिगळाच्या नादी लागू नका. मग मात्र बिल घेऊन दुकानात जा.

प्रश्न : आमच्याकडे जांबोटी भागात पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही. आतच पंप असलेली गादी चालेल का? (एक शिक्षक, खानापूर तालुका)

उत्तर : सर, तुम्हाला नाही चालणार. हेस्कॉमची लाईट गेली आणि गादी अर्धी भरलेली असली की पुढचं काम कठीण, कारण अशा बऱ्याच गाद्यांना हाताचा पंप लावायची सोयच नसते. घेण्याआधी ते विचारा. घरी इन्व्हर्टर असेल तर चिंता कमी, पंप चालतो जेमतेम काही मिनिटं. नसेल तर वेगळ्या पंपाची गादी आणि जोडीला पायाने दाबायचा पंप. घाम निघतो, पण हमखास भरते. दुसरा फायदा म्हणजे पंप बिघडला तर पंपच बदलायचा, गादी टाकून द्यावी लागत नाही. तुमच्याकडच्या पावसात लव असलेला भाग ओला राहिला तर बुरशी धरते. घडी घालण्यापूर्वी पंख्याखाली पूर्ण वाळू द्या.

प्रश्न : मुलगी बाळाला घेऊन माहेरी येणार आहे. बाळ आठ महिन्यांचं. दोघी हवेच्या गादीवर झोपल्या तर? (एक आजी, शहापूर, बेळगाव)

उत्तर : आजी, बाळाला अजिबात नको. दिवसा दहा मिनिटांसाठीही नको. आईच्या वजनाने गादीत खळगा पडतो, बाळ त्यात घरंगळतं, तोंड मऊ पृष्ठभागात रुततं आणि त्याला मान वळवून सोडवून घेता येत नाही. गादी आणि भिंतीमधल्या फटीत अडकण्याचाही धोका आहे. हवा कमी झाली की दोन्ही धोके वाढतात. 15 महिने आणि त्याखालच्या बाळाला यावर झोपवू नका, असा इशारा कंपन्या स्वतःच गादीवर छापतात. कडेला उंच काठ असलेली लहान मुलांची गादीही बाळासाठी नाही. बाळाला वेगळं, टणक, सपाट अंथरूण करा.

शाळेत जाणाऱ्या नातवंडांना हरकत नाही. त्यांच्यासाठी 22-25 सेंटिमीटरची बुटकी गादी बरी, पडली तरी लागत नाही. उड्या मारू देऊ नका. जोड तिथेच उकलतो.

प्रश्न : डिसेंबरात गादी खालून गार लागते. वर दोन चादरी घेतल्या तरी तेच. (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : चादरी वर नाही, अंगाखाली हव्यात. आतली हवा फिरत राहते आणि अंगाची ऊब खाली फरशीला देत राहते. गादीवर वाकळ किंवा घोंगडी अंथरा, वर चादर. नाहीतर आपली कापसाची गादीच काढा, थंडीत ती केव्हाही सरस.

प्रश्न : वर्षभर ठेवायची कुठे? माळ्यावर उंदीर आहेत. (एक वाचक, खानापूर)

उत्तर : झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा ट्रंकेत. पिशवीत घालून खुंटीला टांगलेली गादी उंदीर सोडत नाहीत. घडी सैल घाला, दरवेळी त्याच रेषेवर नको, आणि पंपाचं तोंड व ठिगळाचं पाकीट त्याच डब्यात टाका.