ब्रिटिश इंप्रेशनिस्ट स्त्री-चित्रकारांवर लेख लिहायचा आहे. लॉरा नाईट घेतली तर चालेल का? कोणती चित्रं निवडावीत?

चालेल, पण ‘इंप्रेशनिस्ट’ (उजेडाचा क्षणिक परिणाम रंगवणारी शैली) हे बिरूद तिच्या कारकिर्दीतल्या जेमतेम दहा वर्षांनाच नीट लागू पडतं: १९०७ ते साधारण १९१७ ही इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधली वर्षं. पूर्ण लेख त्या एका शब्दावर बेतलात, तर तिची सगळ्यात दमदार चित्रं बाहेर राहतील. मी तुमच्या जागी असतो तर ‘जिथे बायकांना मज्जाव होता तिथे जाऊन बसणारी चित्रकार’ असा धागा धरला असता.

जन्म ४ ऑगस्ट १८७७, डर्बीशायरमधलं लाँग ईटन. माहेरचं नाव लॉरा जॉन्सन. वडिलांचं छत्र लहानपणीच गेलं. आई शार्लट नॉटिंगहॅमच्या कलाशाळेत शिकवायची, त्या ओळखीवर लॉराला तेराव्या वर्षी बिनफी प्रवेश मिळाला. आई आजारी पडल्यावर पंधराव्या वर्षी तिची शिकवणीही हिनेच सांभाळली. वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी हॅरल्ड नाईट. त्याच्याशी १९०३ मध्ये लग्न झालं. तेव्हाच्या कलाशाळांत मुलींना नग्न मॉडेल समोर ठेवून काढायची परवानगी नव्हती, त्यांनी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून हात बसवायचा. हा मुद्दा लेखात सुरुवातीलाच सांगा, पुढे तो लागणार आहे.

सुरुवातीची वर्षं यॉर्कशायरच्या स्टेद्स या कोळीवाड्यात गेली, मधेमधे हॉलंडच्या वाऱ्या झाल्या. त्या काळातली चित्रं करडी-तपकिरी, घरातला अंधार, राबणारी माणसं. १९०७ मध्ये दोघं कॉर्नवॉलच्या न्यूलिनला गेली, नंतर जवळच्या लामोर्नाला, आणि रंगपेटीच बदलली. १९०९ चं ‘द बीच’ (न्यूकॅसलच्या लेंग आर्ट गॅलरीत आहे) बघताना आधी सावल्या बघा. काळा किंवा तपकिरी ओतून केलेली सावली नाही, निळ्या-जांभळ्या छटा आहेत. इंप्रेशनिस्टांची शिकवण ती हीच. पण फ्रेंच इंप्रेशनिस्ट मोनेसारखं तिचं माणूस उजेडात विरघळत नाही. रेखाटन पक्कं राहतं, मुलांच्या अंगाचा तोल, वाकलेली मान अचूक असते. म्हणून काही जण तिला इंप्रेशनिस्टपेक्षा वास्तववादी म्हणतात, आणि माझ्या मते ते जास्त बरोबर आहे. पहिल्या महायुद्धात किनाऱ्यावर बसून चित्र काढायलाही परवाना लागू लागला, तेव्हा हा उघड्यावरचा जोर ओसरला.

आता मुख्य चित्र. १९१३ चं ‘सेल्फ पोर्ट्रेट’, सुमारे १५२ × १२८ सेंमी., लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत. लाल जाकीट, काळी हॅट, पाठमोरी लॉरा; समोर नग्न मॉडेल, म्हणजे तिची मैत्रीण, दागिने घडवणारी एला नेपर; आणि इझलवरच्या कॅनव्हासवर तीच एला अर्धवट रंगवलेली. मांडणी आरसे वापरून केली आहे, त्यामुळे आपण दोघींच्या मागून स्टुडिओत शिरल्यासारखे उभे असतो. जे शाळेत करू दिलं नाही, तेच करताना तिने स्वतःला रंगवलं. रॉयल अकॅडमी या ब्रिटिश कलावंतांच्या मानाच्या संस्थेने चित्र नाकारलं, ‘डेली टेलिग्राफ’च्या समीक्षकाने ते असभ्य ठरवलं. गॅलरीने ते विकत घेतलं १९७१ मध्ये, ती गेल्यानंतर. जुन्या नोंदींत हेच चित्र ‘द मॉडेल’ नावाने सापडतं. दोन वेगळी चित्रं समजू नका.

लंडनला आल्यावर ती ‘बॅले रूस’ या रशियन नृत्यमंडळीच्या विंगेत आणि रंगपटात बसून काढू लागली, मग सर्कशींबरोबर फिरली, एप्समच्या घोड्यांच्या शर्यतींना जमणाऱ्या जिप्सींना एका जुन्या रोल्स-रॉइसमध्ये बसून रंगवलं. या भागाला दोन-तीन ओळी पुरेत. मानसन्मान मात्र तारखांसह द्या: १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकच्या कलास्पर्धेत रौप्यपदक, १९२९ मध्ये ‘डेम’ हा ब्रिटिश किताब, १९३६ मध्ये रॉयल अकॅडमीची पूर्ण सदस्य. इथे हमखास चूक होते. ती ‘पहिली स्त्री सदस्य’ नव्हे. १७६८ च्या संस्थापकांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर होत्या. रीतसर निवडून आलेली पहिली पूर्ण सदस्य ती. आणि तरीही सदस्यांच्या वार्षिक मेजवानीला बायकांना प्रवेश मिळायला १९६७ उजाडलं!

युद्धचित्रांतली तीन घ्या. पहिलं, कॉर्पोरल पिअर्सन या हवाई दलातल्या शूर तरुणीचं व्यक्तिचित्र. लॉराने हातात आधी रायफल रंगवली होती, पण त्या दलातल्या बायकांना शस्त्र बाळगायची मुभा नव्हती, म्हणून त्या जागी गॅसचा मुखवटा आला. दुसरं, १९४३ चं रूबी लॉफ्टसचं. वेल्समधल्या न्यूपोर्टचा तोफांचा कारखाना, लेथवर वाकलेली २१ वर्षांची रूबी बोफोर्स तोफेच्या ब्रीच रिंगला (तोफेच्या मागच्या टोकाच्या कड्याला) आटे पाडते आहे. हे काम यायला आठ-नऊ वर्षं उमेदवारी करावी लागते असं मानलं जाई, कारण आटे जरा चुकले तर रिंग वाया. केसांवरची जाळी, कापणाऱ्या हत्यारावर खिळलेली नजर, धातूवरची चकाकी: चित्राचा जीव तिथे आहे. सरकारला कारखान्यांत बायका हव्या होत्या, म्हणून ते पोस्टरवरही गेलं. तिसरं, १९४६ चं ‘द न्यूरेंबर्ग ट्रायल’, म्हणजे नाझी नेत्यांवरचा युद्धगुन्ह्यांचा खटला: खाली आरोपींच्या दोन रांगा आणि पांढऱ्या हेल्मेटातले पहारेकरी, वर मात्र न्यायालयाची भिंतच नाहीशी होऊन जळतं, उद्ध्वस्त शहर दिसतं. प्रत्यक्ष डोळ्यांसमोर नसलेलं तिने इथे मुद्दाम रंगवलं, आणि एरवीची तिची शिस्त पाहता हे फार मोठं पाऊल होतं. तिन्ही चित्रं लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमकडे आहेत.

छापण्याआधी हक्कांचं बघा. तिचा मृत्यू ७ जुलै १९७० चा. भारतात कलाकृतीचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे २०३० अखेरपर्यंत. ब्रिटनमध्ये ७० वर्षं, २०४० अखेरपर्यंत. युद्धचित्रं सरकारी कामातली असल्याने त्यांची परवानगी म्युझियमकडे स्वतंत्रपणे विचारा.