गोल्फमध्ये ड्रायव्हरचा बॉल कायम उजवीकडे वळतो: अलाइनमेंट चुकतंय की स्विंग?

तुम्ही लिहिलंय की सरावाच्या रेंजवर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब, म्हणजे काठी) बरा लागतो, कोर्सवर गेलं की बॉल उजवीकडच्या झाडीत. मित्र सांगतात ‘डोकं वर काढतोस’ आणि ‘थोडं डावीकडे ऐम कर’. दोन्ही करून झालं, फरक शून्य. मग दोष उभं राहण्यात आहे की स्विंगमध्ये, आणि कोच न लावता ते कसं ओळखायचं?

हीच दोन वाक्यं मी सलग दोन वर्षं ऐकली आहेत, तीही घरच्याच माणसाकडून. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझा नवरा कांगा लीग खेळलेला. पावसात भिजलेल्या विकेटवर कव्हर ड्राइव्ह मारलेल्या माणसाला उभा राहिलेला बॉल मारायला कुणी शिकवावं लागत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत. गोल्फ त्याने माझ्या सहा वर्षं आधी सुरू केलं. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरू केलं, कारण दर रविवारी सकाळी एकटीने पोहे खाऊन कंटाळले होते. नेरूळहून खारघरचा सिडकोचा कोर्स जवळ, त्यामुळे सबबही राहिली नाही.

पहिल्या महिन्यापासून स्लाइस, म्हणजे बॉल हवेत उजवीकडे वळणं. नवऱ्याचं औषध तयार होतं: ‘उजवीकडे जातोय ना? मग डावीकडे धर.’ धरलं. आधी फेअरवेची (कापलेल्या गवताच्या पट्ट्याची) डावी कड, दिवाळीपर्यंत डावीकडचा रफ (वाढलेलं गवत), आणि पुढच्या पावसाळ्यात तर मी सरळ डोंगराकडे तोंड करून उभी राहत होते. बॉल डोंगराच्या दिशेने निघायचा आणि हवेत आठवण आल्यासारखा उजवीकडे वळायचा. मी जितकी डावीकडे, तितका तो जास्त उजवीकडे. यावर नवऱ्याचं म्हणणं एकच, ‘डोकं वर काढतेस.’

मग एका जुलैत तो ऑफिसच्या कामाला नागपूरला गेला आणि मी एकटीच रेंजवर गेले. तिथे एक कॅडीदादा (खेळाडूंची बॅग उचलणारे) होते, पन्नाशीचे. त्यांचं सगळं आयुष्य चेंबूरला गेलेलं. तिथे १९२७ पासूनचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांतली कॅडींची पोरं गल्लीतच गोल्फ खेळतात. लोखंडी सळई वाकवून क्लब आणि प्लास्टिकचा बॉल. ऐकायला गंमत वाटते, पण दादा म्हणाले ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. ‘मॅडम, गल्लीत दोन्ही बाजूंना लोकांच्या भिंती. वाकडं उभं राहिलं की बॉल कुणाच्या तरी मोरीत. मग बाई बाहेर येते.’ अलाइनमेंटसाठी यापेक्षा कडक कोच नसावा.

त्यांनी माझे दहाएक बॉल नुसते बघितले. बोलले काही नाहीत. अकराव्याला मी स्टान्स घेतल्यावर, म्हणजे मारायला पाय रोवून उभी राहिल्यावर, म्हणाले, ‘हलू नका.’ माझी छत्री उचलली, लांब दांड्याची, आणि माझ्या बुटांच्या टोकांना चिकटून जमिनीवर ठेवली. मग क्लब माझ्या हातातून काढून घेतला आणि खांद्यांना आडवा लावून धरला. ‘आता मागे या आणि बघा.’

मी दीडशे यार्डाच्या पाटीवर नेम धरला होता. छत्रीचं टोक दाखवत होतं ते पार डावीकडे, बॉल धुण्याच्या नळाकडे. खांद्यावरचा क्लब त्याच्याही डावीकडे. क्लबचा फेस (बॉलला लागणारी बाजू) मात्र इमानदारीत पाटीकडेच. म्हणजे पाय एका गावाला, खांदे दुसऱ्या, फेस तिसऱ्या. दादांनी एवढंच विचारलं, ‘यातलं नक्की कुठे मारायचंय?’

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. बॉल सुरुवातीला मुख्यतः फेस जिकडे असेल तिकडे निघतो, आणि स्विंगचा रस्ता फेसपेक्षा जितका वेगळा, तितका तो वळतो. पूर्वी बरोबर उलटं शिकवायचे, की बॉल निघतो स्विंगच्या रस्त्याने आणि शेवटी फेसकडे वळतो. रडारवाली यंत्रं आल्यावर ते खोटं ठरलं, पण क्लबातल्या बुजुर्गांपर्यंत ही बातमी पोचायची आहे. खांदे डावीकडे उघडले की क्लब बाहेरून आत, म्हणजे डावीकडे ओढला जातो. फेस पाटीकडे, रस्ता डावीकडे, म्हणून बॉल उजवीकडे. ‘डावीकडे ऐम कर’ म्हणजे स्लाइस कमी करण्याचा नव्हे, पोसण्याचा सल्ला आहे. हे मी घरी किती वेळा सांगितलं असेल याचा हिशोब नाही.

तुमचा दोष ओळखायला कोच लागत नाही. नऊ नंबरच्या आयर्नने दहा बॉल मारा, मग ड्रायव्हरने दहा. आयर्न सरळ डावीकडे जात असेल आणि ड्रायव्हर उजवीकडे वळत असेल, तर रस्ता बाहेरून आत येतोय. लॉफ्ट (फेसचा तिरपेपणा) जास्त असला की वळण झाकलं जातं, ड्रायव्हर काहीच झाकत नाही. बॉल डावीकडे निघून उजवीकडे वळत असेल तर मुख्य दोष रस्त्याचा, आणि तिथे आधी खांदे तपासा. पहिल्यापासूनच उजवीकडे निघून आणखी उजवीकडे जात असेल तर फेस उघडा राहतोय. मग ग्रिप बघा. स्टान्समध्ये खाली बघितल्यावर डाव्या हाताच्या दोन-तीन बोटांच्या मुळाची हाडं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर अलाइनमेंटच्या नादी लागूच नका, आधी ग्रिप.

रेंजवर बरा, कोर्सवर वाईट, याचं कारण बहुधा मॅट. मॅटच्या कडा सरळ असतात, त्यावर रेघा असतात, तुम्ही नकळत त्यांना समांतर उभे राहता. कोर्सवर ती सोय नाही. उलट टी बॉक्सच (पहिला शॉट मारायची जागा) बऱ्याचदा भलतीकडे तोंड करून असतो आणि तुम्ही त्याच्या कडेला मॅटची कड समजून उभे राहता. म्हणून बॉलच्या मागे जाऊन, निशाणाच्या रेघेवर दोन-तीन फुटांवरचं एखादं वाळकं पान किंवा तुटलेली टी (बॉल ठेवायची खुंटी) हेरायची आणि फेस आधी त्यावर लावायचा. पाय नंतर. दिग्गज गोल्फर जॅक निकलॉस आयुष्यभर हेच करत आला. दोनशे यार्डांवरचा झेंडा बघून पाय लावणं हे डोळ्यांचं काम नाही, तुम्ही बाजूने उभे असता. क्रिकेटवाल्यांना हे सगळ्यात जड जातं, कारण त्यांच्याकडे निशाण स्वतः धावत येतं. (हे वाक्य घरी मोठ्याने वाचू नये.)

आणखी एक, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी बॉल फार पुढे ठेवत होते, डाव्या पायाच्या अंगठ्यासमोर. उजवा हात ग्रिपवर खाली असतो, त्यामुळे पुढच्या बॉलपर्यंत पोचायला उजवा खांदा पुढे येतो आणि खांदे आपोआप उघडतात. पाय कितीही सरळ लावा. ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, बस. एवढ्यानेच माझे खांदे निम्मे जागेवर आले.

पुढचं ऐका, कारण इथेच लोक सोडून देतात. छत्रीला समांतर उभी राहिल्यावर मला वाटलं मी पांडवकड्याकडे (खारघरचा धबधबा) बघतेय, इतकं ते उजवीकडे वाटत होतं. आणि पहिले तीन आठवडे बॉल आधीपेक्षा जास्त उजवीकडे गेला. जाणारच होता. उभी सरळ, पण दोन वर्षं डावीकडे ओढायची सवय झालेले हात तेच. दादांनी डझनभर बॉलचा रिकामा पुठ्ठ्याचा बॉक्स घेतला आणि बॉलच्या किंचित मागे, पलीकडच्या बाजूला, चार बोटं सोडून उभा केला. क्लब बाहेरून आला की बॉक्स उडणार. पहिल्याच दिवशी त्याचं पार भजं झालं. दुसऱ्या आठवड्यात पाचातला एक स्विंग बॉक्सला न लागता जायला लागला, आणि असा पहिला बॉल सरळ गेला तेव्हा तो माझा नाही, शेजारच्या मॅटवरच्या माणसाचा आहे असं मला वाटलं. खरंच त्याच्याकडे बघितलं मी. तो फोनवर बोलत होता.

आता डोक्याचं. नागपूरहून परतलेल्या माणसाला हे सगळं सांगितलं तर म्हणतो, ‘छत्री-बित्री ठीक आहे, पण डोकं खाली ठेव.’ तेव्हा मी फोनवर शूटिंग केलं. तुम्हीही करा, पण नीट. फोन मागे, हातांच्या उंचीवर, हातांच्याच रेषेत. फूटभर इकडे-तिकडे ठेवलात तर चांगला रस्ताही वाकडा दिसतो, आणि माणसं तो दोष दुरुस्त करत बसतात जो नव्हताच. माझ्या त्या व्हिडिओत मी एक बॉल चक्क टॉप केला आहे, म्हणजे क्लब बॉलच्या डोक्यावर लागलाय. थांबवून बघितलं. क्लब बॉलला लागतो त्या क्षणी डोकं खाली, डोळे बॉलवर, हनुवटी छातीशी, अगदी मान अवघडेपर्यंत. वर आली होती ती कंबर, आणि कोपरं आत ओढली गेली होती. तरी बॉल टॉप. तो व्हिडिओ मी डिलीट केलेला नाही.

गोल्फर अॅनिका सोरेनस्टॅमचे जुने स्विंग बघा. बॉलला क्लब लागेपर्यंत तिचं डोकं निशाणाकडे वळायलाही लागलेलं असतं. या बाईने २००१ मध्ये अठरा होलच्या एका राउंडमध्ये फक्त ५९ शॉट्स मारले आणि दहा मेजर (सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. गोल्फर डेव्हिड डुव्हालही तसाच. जबरदस्तीने डोकं खाली गाडलं की खांदे फिरायचे थांबतात आणि मग उरतात फक्त हात. माझ्या मते हौशी गोल्फचं सगळ्यात जास्त नुकसान या तीन शब्दांनी केलं आहे. हे कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

छत्रीबद्दल एक सावधगिरी, स्वतः भोगलेली. आमच्या ग्रुपच्या महिन्याच्या मेडल राउंडला (एकूण शॉट्स मोजायची स्पर्धा) मी पहिल्याच टीवर सवयीने छत्री पायाशी ठेवली, स्टान्स घेतला, मग चूक लक्षात येऊन उचलली आणि नंतर मारलं. मार्कर, म्हणजे माझा स्कोअर लिहिणारा, कोण? घरचाच. शांतपणे म्हणाला, ‘दोन शॉट्स.’ मी म्हटलं, मारायच्या आधी उचलली की! त्याने फोनवर नियम काढून दाखवला, १०.२ब. स्टान्ससाठी वस्तू जमिनीवर ठेवली की दंड, आधी उचलली तरी सुटका नाही. तो बरोबर होता, हे इथे लेखी देते. कॅडीलाही तुम्ही स्टान्स घेताना मागे उभं करून ‘बरोबर आहे का’ विचारता येत नाही. २०१९ मध्ये दुबईला चीनच्या ली हाओतोंगला शेवटच्या ग्रीनवर (होलभोवतीचं बारीक गवत) त्याच पायी दोन शॉट्सचा दंड बसला आणि त्याची बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक शॉट कमी) बोगी (एक जास्त) झाली. म्हणून छत्री फक्त रेंजवर. कोर्सवर वाळकं पान. ते तिथेच पडलेलं असतं आणि त्याला नियम लागत नाही.

राहिलेल्या गोष्टी घाईत. डावखुरे असाल तर हे सगळं उलटं वाचा. कंबरेचं दुखणं असेल तर खांदे फिरवण्याआधी डॉक्टरला विचारा. कोच वाईट असतात असं मी म्हणत नाही, मला मिळालेला पहिला तेवढा वाईट होता. त्यानेही डोकंच सांगितलं होतं, वर हजार रुपये घेतले. आणि स्विंग देखणा असायलाच हवा असंही नाही. जिम फ्युरिकचा स्विंग बघून कुणीही त्याला रेंजवरून हाकललं असतं, पण २०१६ मध्ये त्याने अमेरिकेतल्या व्यावसायिक पीजीए टूरवर एका राउंडमध्ये ५८ मारले. आपला एसएसपी चौरसिया रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या ग्रीनकीपरचा (मैदान राखणाऱ्याचा) मुलगा, बघून-बघून शिकला आणि इंडियन ओपन लागोपाठ दोनदा जिंकला. स्विंग वेडावाकडा चालतो. बॉलला लागताना फेस आणि रस्ता जुळले की झालं.

माझं हँडिकॅप (जितकं कमी तितका खेळ चांगला) आता २४ आहे, नवऱ्याचं १८. तो अजून पुढे आहे, हे तो प्रत्येक जेवणाला सांगतो. पण गेल्या महिन्यात तो आंघोळीला गेला असताना त्याचा फोन वाजला म्हणून उचलला, तर गॅलरीत मागून घेतलेला स्विंगचा व्हिडिओ उघडा होता. रेंजवरचा, एकट्याचा. पायाशी माझी छत्री. मी काही बोलले नाही.

आधी आयर्न-ड्रायव्हरची चाचणी करा आणि बॉल निघतो कुठे, वळतो कुठे ते कमेंटमध्ये लिहा, मग पुढचं सांगते. आणि छत्री घेताना लांब दांड्याचीच घ्या, फोल्डिंगच्या छत्रीने दिशा कळत नाही.