वाचकांचे प्रश्न : जुन्या बोर्डावर कोअर टू क्वाड

प्रश्न : माझ्याकडे जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि पेंटियम ड्युअल-कोअर ई२१८० प्रोसेसर आहे. जुन्या सामानाच्या दुकानात इंटेलचा चार कोअरांचा प्रोसेसर कोअर टू क्वाड क्यू६६०० मिळतो आहे. सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) दोन्हींचे एकच, एलजीए७७५. तेव्हा काढून-घालून भागेल ना? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : सॉकेट जुळले म्हणून बोर्ड चालवेलच असे नाही. क्यू६६०० जानेवारी २००७ मध्ये आला. ६५ नॅनोमीटर, २.४ गिगाहर्ट्झ, १०६६ ची बस (प्रोसेसर आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा रस्ता), ८ एमबी एल२ कॅशे (प्रोसेसरमधलीच झटपट स्मृती). यातला एकही आकडा तुमची अडचण करणार नाही. अडचण विजेची आहे. ई२१८० ची कमाल मर्यादा ६५ वॅट होती. क्यू६६०० दोन प्रकारांत निघाला : आधीचा बी३, १०५ वॅटचा, नंतरचा जी०, ९५ वॅटचा.

दुकानदाराला विचारू नका, चिपचे झाकण वाचा. झाकणावरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट पुसली की ‘एसएलएसीआर’ दिसले तर जी०, ‘एसएल९यूएम’ दिसले तर बी३. त्याखालची ओळ ‘०५ए’ ने संपली तर ९५ वॅट, ‘०५बी’ ने संपली तर १०५. जी० ला झाकणाचे तापमान ७१ अंशांपर्यंत चालते, बी३ ला ६२.२ पर्यंतच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हा फरक अंगाशी येतो. बी३ फुकट मिळाला तरी घेऊ नये, असे आमचे मत.

आता बोर्ड. त्याच्या कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. तीत नेमका जी० आहे का आणि बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमची) कोणती आवृत्ती लागते ते पाहा. काही स्वस्त बोर्डांवर क्वाड चालतच नाही. बायोस बदलायचे असेल तर जुना प्रोसेसर असतानाच बदला. आधी क्वाड बसवलात आणि बायोसने त्याला ओळखले नाही, तर पंखा फिरेल, पडदा काळाच राहील आणि बायोस बदलायलाही संगणक उठणार नाही. प्रोसेसरजवळचा १२ व्होल्टचा चार पिनांचा वेगळा जोड सैल राहिला तरी लक्षण हेच, म्हणून तो आधी तपासा. ९५ वॅट म्हणजे १२ व्होल्टवर एकट्या प्रोसेसरला सुमारे ८ अँपिअर, शिवाय बोर्डावरची गळती. स्वस्त एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट सोडा, १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा.

ई२१८० चा बुटका हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) क्वाडवर चढवू नका; तांब्याचा गाभा असलेला उंच घ्या. पिना सॉकेटमध्ये असतात, चिपवर नाहीत. म्हणून चिप सरळ वरून ठेवायची, कडेच्या दोन खाचा जुळवायच्या, सरकवायची नाही. पेस्ट वाटाण्यापेक्षा लहान थेंबाएवढी पुरे. हीटसिंकच्या चारही पुश-पिना बाणाच्या उलट दिशेला पूर्ण वळवून घ्या आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन-दोन एकदम दाबा. मग बोर्ड उलटा करून पाहा : प्रत्येक भोकातून पांढरे पाय बाहेर आलेले आणि त्यांच्या मधोमध काळा दांडा उतरलेला दिसला पाहिजे. एक पाय जरी दुमडला तरी हीटसिंक त्या कोपऱ्यात उचललेला राहतो. प्रोसेसर तापून आपोआप वेग कमी करतो, फारच तापला तर संगणक बंद पडतो. ‘क्वाड घालून संगणक आणखी हळू झाला’ या तक्रारीत सगळ्यात आधी हेच तपासावे.

आणि एक. जी३१ वर रॅम कमाल ४ जीबी. अजून हार्ड डिस्कवर विंडोज चालवत असाल, तर पैसे आधी साटा एसएसडीत (हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान चिपांच्या डिस्कमध्ये) घाला. साधी कामे त्यानेच जास्त हलकी होतील.

प्रश्न : क्यू६६०० बसवला, पण सीपीयू-झेड (प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम) १.६ गिगाहर्ट्झच दाखवतो. नकली चिप माथी मारली का? आणि ८ एमबी कॅशे चारही कोअरांना मिळून एकच आहे का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : नाही. मूळ बस २६६ मेगाहर्ट्झची. एका ठोक्याला चार वेळा डेटा जातो म्हणून १०६६ लिहितात. वेग = बस × गुणक. काम असताना गुणक ९, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ, रिकाम्या वेळी स्पीडस्टेप ही वीज वाचवणारी सोय तो ६ वर आणते, म्हणजे १.६. मोठी फाइल झिप करायला लावा आणि पाहा. भार असतानाही १.६ च राहिला, तर विंडोजमधली पॉवर सेटिंग आणि तापमान तपासा.

कॅशेबद्दलही तुम्ही विचारले आहे. ८ एमबी एकसंध नाही. झाकणाखाली दोन ड्युअल-कोअर चिपा शेजारी बसवल्या आहेत, प्रत्येकीजवळ ४ एमबी. एका चिपेतल्या कोअरला दुसरीतले काही हवे असेल तर बाहेरच्या बसवरून जावे लागते, आणि ती बस सेकंदाला जेमतेम ८.५ जीबी वाहते. व्हिडिओ एन्कोडिंगसारख्या, आपापले तुकडे उचलणाऱ्या कामात चारही कोअर चांगले राबतात. सतत देवाणघेवाण असेल तिथे तेवढा फायदा दिसत नाही.

प्रश्न : क्यू६६०० वर विंडोज ११ जुगाड करून चालेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नाही. तिला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही अंगभूत सूचना (इन्स्ट्रक्शन) लागते आणि ती कोअर टू घराण्यात कोणातच नाही. त्या घराण्यातल्या नंतरच्या, ४५ नॅनोमीटरच्या ई८४०० मध्येही नाही. टीपीएमची (सुरक्षेच्या चिपची) अट चुकवता येते, चिपमध्ये नसलेली सूचना आणता येत नाही. विंडोज १० चालते, पण तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक इंटरनेटला जोडलेला ठेवायचा असेल तर हलके ६४-बिट लिनक्स घाला.