मॉन्टेनेग्रोला आठ रात्रींसाठी जातोय. कोटोरलाच मुक्काम ठेवून सगळा देश पाहता येईल का?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये तुम्ही दोघं आणि 66 वर्षांच्या सासूबाई जाताय, तिघंही शाकाहारी आहात, शेंगेन व्हिसा हातात आहे आणि देश एवढासा असल्यामुळे किनाऱ्यावरच्या कोटोर गावात एकच खोली घेऊन रोज गाडीने एकेक ठिकाण करायचा बेत आहे. मी आई-बाबांना घेऊन सप्टेंबरमध्येच जाऊन आले आहे, म्हणून कळकळीने सांगते: आठही रात्री कोटोरला घालवू नका. निदान तीन रात्री वर डोंगरात राहा.

देश लहान आहे हे खरंच. क्षेत्रफळ 13,812 चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हे एकत्र केले तर त्यापेक्षा किंचित मोठा. पण मी रत्नागिरीची. घाटातलं अंतर किलोमीटरवर मोजायचं नसतं हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. कोटोरहून डोंगरातल्या झाब्ल्याक गावाला गाडीने तीन-साडेतीन तास लागतात. एका दिवसात जाऊन-येऊन करायचं तर सात तास वळणांवरच जातील आणि सासूबाईंना तिथलं काळं तळं दिसेल ते घाईघाईत, अंग अवघडलेलं असताना. देशाचं त्यांच्या भाषेतलं नावच 'त्सर्ना गोरा', काळा डोंगर. 'त्सर्ना' आणि आपला 'कृष्ण', 'गोरा' आणि 'गिरी' हे शब्द मुळात एकच. असा हा कृष्णगिरी फक्त किनाऱ्यावरून बघून परत यायचं, हे मला पटत नाही.

आधी व्हिसाचं बघा. मॉन्टेनेग्रो शेंगेनमध्ये नाही, पण वैध शेंगेन व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टवर 30 दिवसांपर्यंत राहता येतं. मात्र शेजारच्या क्रोएशियातल्या दुब्रोवनिकला उतरून सीमा ओलांडायची आणि तिथूनच परतायचं ठरवत असाल तर व्हिसा दोन किंवा जास्त एन्ट्रीचाच हवा, कारण 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे. आमच्या एजंटने आम्हाला नेमकी हीच तिकिटं काढून दिली होती आणि व्हिसा होता सिंगल एन्ट्रीचा. निघायच्या दोन आठवडे आधी लक्षात आलं. सगळं बदलून इस्तंबूलमार्गे थेट राजधानी पोडगोरिकाला गेलो, भुर्दंड पडला तो वेगळा. चलन युरोच आहे, त्यामुळे पैशाचा वेगळा घोळ नाही. घरगुती खोली घेतलीत तर 24 तासांच्या आत तुमची नोंदणी झाली की नाही, हे यजमानांना आवर्जून विचारा. हॉटेलात ते आपसूक होतं.

किनाऱ्यावर चार रात्री पुष्कळ झाल्या. कोटोरच्या तटबंदीच्या आत राहण्यापेक्षा जवळच्या दोब्रोटा किंवा पेरास्त गावात राहा. मोठी क्रूझ जहाजं सकाळी लागली की आतल्या गल्ल्यांत चालणं मुश्कील होतं. किल्ल्याच्या जवळपास 1,350 पायऱ्या आहेत. तुम्ही दोघं ऊन चढायच्या आत वर जाऊन या, सासूबाईंना खाली चौकात कॉफी घेऊ दे. पेरास्तहून होडीने 'खडकावरची माता' या बेटावरच्या चर्चमध्ये जरूर जा. हे बेट माणसांनी दगड टाकून टाकून वर आणलेलं आहे आणि आजही दर 22 जुलैच्या संध्याकाळी गावातले लोक होड्यांमधून दगड नेऊन तिथे टाकतात. बेट जपायचं तर दरवर्षी भर घालावीच लागते, हे बाबांना इतकं भावलं की परतीच्या होडीत ते गप्पच होते.

लोव्चेनचा डोंगर हा एक दिवसाचा कार्यक्रम. वर येझेर्स्की शिखरावर, 1,657 मीटरवर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्याच उंचीवर, त्यांचा कवी आणि राज्यकर्ता न्येगोश याची समाधी आहे. तिथे 461 पायऱ्या आहेत. आई अर्ध्यात दोनदा बसली, पण पोचली. उतरताना न्येगुशी गावात चीज घ्या.

जेवणाची काळजी मलाही होती. एक शब्द पाठ करा: 'पोस्नो'. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपवासाचं जेवण, त्यात मांस, अंडी, दूध काहीच नसतं. मासे मात्र बऱ्याचदा चालतात, म्हणून 'बेझ रिबे', मासे नकोत, हेही सांगायचं. दूधदुभतं चालत असेल तर मग चंगळच आहे. काचामाक म्हणजे मक्याचं पीठ आणि बटाटा एकत्र घोटून वर साय-चीज घातलेला गरमागरम ऐवज. आई त्याला मक्याची उकड म्हणायची आणि रोज मागायची. सकाळी बेकरीत चीज किंवा पालक भरलेला, पापुद्र्यांचा बुरेक, भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीची आयवार नावाची चटणी, मधासोबत प्रिगानित्से नावाचे तळलेले गोळे. आम्ही नेलेली थेपल्यांची पाकिटं तशीच परत आली.

आता डोंगर. झाब्ल्याक साधारण 1,450 मीटरवर आहे, सप्टेंबरमध्ये रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा सासूबाईंसाठी जाड स्वेटर आणि पायमोजे घ्या. गावापासून तीन किलोमीटरवर काळं तळं, त्याच्या कडेची पायवाट सोपी आहे. तिथून जवळच तारा नदीची दरी, 1,300 मीटर खोल, युरोपातली सगळ्यात खोल. तिच्यावरचा जुर्जेविचा तारा पूल बघताना घाई करू नका. 1937 ते 1940 या काळात तो बांधला आणि 1942 मध्ये इटालियन फौजांची वाट अडवण्यासाठी त्याची एक कमान उडवण्यात आली. उडवणारा लाझार याउकोविच हा तो पूल बांधणाऱ्या इंजिनिअरांपैकीच एक. पुढे तो पकडला गेला आणि त्याला तिथेच गोळ्या घातल्या. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले. कठड्याला हात लावून ते बराच वेळ उभे होते.

शेवटची रात्र विमानतळाच्या सोयीने स्कादार तळ्याकाठच्या विरपाझारला काढा, तळ्यात संध्याकाळी होडीने फिरा. आणखी एक दिवस काढता आला तर पोडगोरिकाहून कोलाशिनपर्यंत रेल्वेने जा. 1976 मध्ये सुरू झालेल्या बेलग्रेड–बार मार्गाचा हा टप्पा आहे, गाडी जवळजवळ समुद्रसपाटीवरून हजार मीटर चढते. वाटेतला माला रियेका पूल दरीपासून सुमारे 200 मीटर उंच आहे. आमच्या रत्नागिरीजवळच्या, कोकण रेल्वेच्या पानवल पुलाची उंची 64 मीटर, यावरून अंदाज करा.

सप्टेंबर निवडलात ते उत्तम केलंत. तिथला पाऊस आपल्या उलट, उन्हाळा कोरडा आणि खरी झड शरद-हिवाळ्यात. कोटोरच्या आखातामागच्या त्स्र्कवित्से गावात वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. म्हणून तारखा पुढे ढकलायची वेळ आली तर ऑक्टोबर-नोव्हेंबरकडे जाऊ नका, पुढच्या जूनमध्ये जा.