परम, अति आणि नुसतं विशिष्ट : सेवा पदकांबद्दल तुमचे प्रश्न

दर २६ जानेवारीला सेनादलांच्या पदकांची यादी जाहीर झाली की प्रश्न येतात, यावेळी बरेच आलेत, त्यातले जे पुन्हा पुन्हा विचारले गेले ते घेतोय.

माझ्या काकांना व्हीएसएम (विशिष्ट सेवा पदक) मिळालंय. गावात बॅनर लागला "शौर्यपदक विजेते" म्हणून. काका म्हणतात काढा तो. बरोबर कोण? (सातारा)

काका बरोबर आहेत. विशिष्ट सेवा पदक हे शौर्यपदक नाहीये. शौर्यपदकं म्हणजे परमवीर, महावीर, वीर चक्र, आणि शत्रूसमोरच्या लढाईबाहेरची अशोक, कीर्ती, शौर्य चक्र. तिथे एखाद्या प्रसंगात जीव धोक्यात घालून काय केलं ते बघतात. विशिष्ट सेवा मालिका २६ जानेवारी १९६० ला सुरू झाली, तेव्हा नावं होती क्लास वन, टू, थ्री, मग १९६७ मध्ये परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट अशी नावं झाली. यात बघतात ते काम. पलटण कशी चालवली, हॉस्पिटल कसं उभं केलं, बर्फातल्या चौक्यांपर्यंत रसद वेळेवर कशी पोचवली, ट्रेनिंग कसं सुधारलं, असं सगळं. बॅनरवर "विशिष्ट सेवा पदक" एवढं नीट लिहा ना, त्यात कमीपणा काय आहे? आपल्याकडे फौजी म्हटला की गोळीच झेललेली असली पाहिजे असं लोकांना वाटतं आणि मग ज्यांनी तीस-तीस वर्षं फौज चालती ठेवली त्यांची नावं कुणाला माहीतच नसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

परम विशिष्ट सेवा पदक महावीर चक्राच्या आधी लावतात असं वाचलं. म्हणजे ऑफिसात बसून केलेलं काम लढाईपेक्षा मोठं? (नागपूर)

सगळ्यात जास्त वाद याच्यावर होतात आणि प्रश्न रागाने विचारलाय ते समजू शकतो. आधी माहिती सांगतो. छातीवर पदकं कोणत्या क्रमाने लावायची याची एकच सरकारी यादी आहे, त्यात भारतरत्न, पद्म पुरस्कार, शौर्यपदकं, सेवा पदकं सगळी एकत्र येतात. परमवीर आणि अशोक चक्र वर आहेतच, मग पद्मविभूषण, पद्मभूषण, सर्वोत्तम युद्ध सेवा, परम विशिष्ट सेवा, आणि त्यानंतर महावीर चक्र. तसंच अति विशिष्ट सेवा हे वीर चक्राच्या आधी येतं. पण साधं विशिष्ट सेवा पदक मात्र सेना मेडल या शौर्यासाठीही मिळणाऱ्या पदकाच्याही नंतर, म्हणजे "सेवा नेहमी शौर्याच्या वर" असा काही नियम नाहीये.

उदाहरण आपल्याच माणसाचं बघा, अलिबागचे माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य. त्यांच्या नावापुढे क्रमाने पीव्हीएसएम (परम विशिष्ट सेवा), मग एमव्हीसी (महावीर चक्र) आणि बार, मग एव्हीएसएम (अति विशिष्ट सेवा) असं येतं. बार म्हणजे तेच पदक दुसऱ्यांदा, पहिलं महावीर चक्र १९६५ च्या युद्धातलं आणि दुसरं १९७१ चं. आता वैद्य म्हटल्यावर कुणाला पीव्हीएसएम आठवतं का? रणगाड्यांची लढाईच आठवते. नौदलाचे व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींचंही तसंच, पीव्हीएसएम आधी आणि १९७१ चं वीर चक्र नंतर.

माझं मत विचाराल तर महावीर चक्र वर असायला हवं. बरेच माजी सैनिकही तेच म्हणतात. हा क्रम पद्म पुरस्कारांच्या पायऱ्यांशी जुळवून लावलाय असं यादी बघून मला वाटतं, आणि तो फक्त लावायचा क्रम आहे, त्यावरून कुणाचं शौर्य लहान ठरत नाही. पण फौजेत रिबनची पट्टी बघूनच माणूस वाचतात, त्यामुळे क्रमाने फरक पडतच नाही असंही मी म्हणणार नाही.

ही पदकं फक्त जनरल लोकांनाच का? जवानांना मिळत नाहीत का? (सांगली)

नियमाने सगळ्या हुद्द्यांना मिळू शकतात, टेरिटोरियल आर्मी आणि लष्करी नर्सिंग सेवासुद्धा त्यात येते, मरणोत्तरही देतात. प्रत्यक्षात परम विशिष्ट बहुतेक वेळा लेफ्टनंट जनरल आणि त्यांच्या बरोबरीच्या हुद्द्यांवरच जातं, ते लपवण्यात अर्थ नाही. अपवाद आहेत आणि ते ठळक आहेत. तेव्हा सुभेदार असलेल्या नीरज चोप्राला २०२० मध्ये व्हीएसएम आणि टोकियोच्या सुवर्णानंतर २०२२ मध्ये थेट पीव्हीएसएम मिळालं. नेमबाज विजय कुमारला लंडन ऑलिम्पिकनंतर एव्हीएसएम. पण हे खेळाडू झाले. वीस वर्षं वर्कशॉपमध्ये गाड्या जिवंत ठेवणारा हवालदार किंवा सियाचिनच्या वाटेवर काम करणारा सुभेदार, अशी नावं यादीत जास्त दिसायला पाहिजेत, त्यासाठी नियम बदलायची गरजच नाही, फक्त खालून शिफारसी वर गेल्या पाहिजेत.

डॉक्टरांना हे पदक नेमकं कशासाठी देतात? मुलगी एएफएमसीत (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय कॉलेजात) आहे म्हणून विचारते. (पुणे)

छान प्रश्न. देशातल्या पहिल्या महिला लेफ्टनंट जनरल पुनिता अरोरा, ज्या २००४ मध्ये तुमच्या मुलीच्याच कॉलेजच्या प्रमुख झाल्या, त्यांना व्हीएसएम मिळालं ते जम्मूजवळच्या कालूचक इथल्या २००२ च्या दहशतवादी हल्ल्यातल्या जखमींसाठी तातडीने केलेल्या कामाबद्दल. तिथे गोळीबार करणारे दुसरे होते, पण त्यानंतर माणसं वाचवायचं काम होतंच ना, ते या पदकाने ओळखलं गेलं. आणि लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर, त्याच कॉलेजच्या, मुलांच्या किडनीच्या डॉक्टर, त्यांच्याकडे तिन्ही पदकं आहेत, नंतर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरूही झाल्या. मुलीला नक्की सांगा.

युद्ध सेवा पदक आणि विशिष्ट सेवा पदक एकच का? (कोल्हापूर)

नाही. युद्ध सेवा मालिका १९८० मध्ये आली, सर्वोत्तम, उत्तम आणि साधं. ती युद्ध, संघर्ष किंवा ऑपरेशनच्या काळातल्या विशेष सेवेसाठी. विशिष्ट सेवा मात्र प्रत्यक्ष ऑपरेशनबाहेरच्या कामासाठी. १९९९ च्या कारगिलनंतर एअर मार्शल विनोद पटनी यांना सर्वोत्तम युद्ध सेवा मिळालं, आणि २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर तेव्हाचे डीजीएमओ (लष्करी कारवायांचे महासंचालक) लेफ्टनंट जनरल राजीव घई यांनाही.

आजोबांच्या ट्रंकेत एक मेडल सापडलं, पिवळी रिबन, त्यावर निळ्या पट्ट्या. ओळखायचं कसं? (रत्नागिरी)

पट्ट्या मोजा. सोनेरी पिवळ्या रिबनवर गडद निळी एक पट्टी असेल तर परम, दोन असतील तर अति, तीन असतील तर विशिष्ट. पट्ट्या वाढल्या की पदक खालचं, इथेच लोक उलटं धरतात. मेडलवर पाच टोकांचा तारा आणि मागे राजमुद्रा असते. कडेवर नाव किंवा नंबर कोरलाय का तेही बघा. पदकाची घोषणा भारताच्या राजपत्रात होते, त्यामुळे आजोबांचा नंबर, हुद्दा आणि रेजिमेंट हाताशी असेल तर त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी विचारता येतं. आणि कृपा करून ब्रासो लावून घासू नका, मुलामा निघतो.

लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावापुढे व्हीएसएम लिहिलं तर चालतं का? (ठाणे)

बिनधास्त लिहा. घटनेच्या कलम १८ ने सरकारने किताब द्यायला बंदी आहे पण लष्करी आणि शैक्षणिक सन्मान त्यातून वगळलेत. पद्म पुरस्कार नावाला जोडता येत नाही, हे जोडता येतं. हुद्दा, नाव, मग व्हीएसएम आणि शेवटी कंसात निवृत्त.

पैसे मिळतात का, आणि अर्ज कुठे करायचा? (बीड)

अर्ज स्वतः करायचा नसतो, युनिटकडून शिफारस जाते आणि वरच्या मुख्यालयांतून, संरक्षण मंत्रालयातून राष्ट्रपतींपर्यंत पोचते. परम आणि अति राष्ट्रपती भवनात देतात, विशिष्ट बऱ्याचदा कमांडच्या समारंभात, आपल्याकडचा म्हणजे पुण्याच्या दक्षिण कमांडचा. शौर्यपदकांना केंद्राचा दर महिन्याचा भत्ता असतो तसा याला नाही. राज्य सरकारं रोख रक्कम देतात, दर राज्याप्रमाणे वेगळे आणि वेळोवेळी बदलतात, म्हणून पदकाचा कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि आजचा दर तिथेच विचारा.